दादांच्या नळीवरची लोकरीची गाठ

भूत, करणी, बाहेरचं वगैरे गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. आमच्या नात्यात अंगात येणारे आहेत, गंडेदोरे करणारे आहेत, त्यांच्याशी माझी भांडणं झालेली आहेत. माझी सगळी नोकरी चिकलठाण्याच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला गेली. हातात व्हर्नियर, जाडी-रुंदी मोजायचं हत्यार. मापात बसलं तर ओके, नाही बसलं तर रिजेक्टचा ट्रे... एवढाच माझा धर्म म्हणा. पण एक वस्तू गेली तीस-एक वर्षं माझ्याकडं आहे, जी मापात बसत नाही आणि टाकताही येत नाही. आता दादा गेले, तात्या गेले. ज्यांच्यासमोर तोंड उघडायची लाज होती ते कुणी उरलं नाही. म्हणून लिहितोय. अनुभव अमानवीय आहे हे खरं, पण त्यातली जास्त वाईट गोष्ट मानवीच आहे, आणि ती माझी आहे.

आम्ही कन्नडकडचे, धनगर. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी उभा जन्म मेंढरांमागं काढला. मी घरातला पहिला कंपनीत लागलेला. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा निर्णय तोंडावर आला होता तो हिवाळा. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. रोज एक अफवा, कधी बंद, कधी दगडफेक. एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी तुमचं आडनाव विचारायचा आणि मग बोलायचा.

अशात दादांच्या पोटात उजवीकडं बरगडीखाली कळ उठली. दोन दिवस त्यांनी ओवा खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा जीपमध्ये घालून मी त्यांना शहरात आणलं. जालना रोडपासून थोडं आत एक खाजगी दवाखाना होता. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, पित्ताची पिशवी सुजून टम्म झालीय, आत पू आहे, कधीही फुटेल. ऑपरेशन करायचं तर भूल द्यावी लागणार आणि दादांचं हृदय भूल सोसणारं नव्हतं.

"एक मार्ग आहे," डॉक्टर म्हणाले. तरुण होते, मुंबईहून नुकतेच शिकून आलेले. "पोट उघडायचं नाही. सोनोग्राफीत बघत बघत कातडीतून सुई थेट पिशवीत घालायची आणि बारीक नळी ठेवायची. घाण बाहेर पडेल, ताप उतरेल. तब्येत सुधारली की मग ऑपरेशनचं बघू."

जागा बधिर करून त्यांनी नळी घातली. दादा जागेच होते. बाहेर आले तेव्हा कुशीतून निघालेली नळी खाली पलंगाला टांगलेल्या पिशवीत गेलेली, आणि तिच्यातून काळपट हिरवं, घाण वासाचं पाणी येत होतं. नळी आणि पिशवीच्या जोडावर प्लॅस्टिकची जाड तोटी होती, तिच्यावर डॉक्टरांनी चिकटपट्टी गुंडाळून वर पेनानं रेघ मारली होती. "ह्याला हात लावायचा नाही," असं बजावून गेले.

दोन पलंगांची खोली होती. शेजारच्या पलंगावर पडेगावचे एक गृहस्थ, किडनीच्या आजारानं आडवे. त्यांच्या उशाशी त्यांची बायको, गयाबाई. पन्नाशीच्या असतील. गळ्यात बाबासाहेबांचा फोटो असलेलं लॉकेट. पिशवी भरली की वाकून कशी रिकामी करायची, नळी दादांच्या अंगाखाली दबू नये म्हणून उशी कुठं लावायची, हे सगळं मला त्यांनी दाखवलं. त्यांच्या नवऱ्यालाही नळी होती, त्यांचा हात बसला होता.

दुपारपर्यंत दादांची कळ कमी झाली. पिशवीकडं बघून म्हणाले, "आयला, माझ्यात एवढं कडू व्हतं व्हय?"

"तोंडावरनंच दिसतंय की, दादा," गयाबाई म्हणाल्या. "पाव्हणं आल्यापासनं एकदा बी हसलं नाय."

दादा हसले. पोट धरून हसले. त्या दवाखान्यात ते हसले ते तेवढंच.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. कोवळा पाला खाऊन मेंढीचं पोट फुगतं, तेव्हा मेंढपाळ तिच्या डाव्या कुशीत दाभण खुपसून पोकळ नळी बसवतात. आमच्याकडं हे लहान पोरालाही माहीत असतं. आणि हेही माहीत असतं की नळीच्या तोंडावर अंगठा धरून हवा थोडी थोडी सोडायची. एकदम सोडली तर जनावर बसतं, परत उठत नाही. दादांनी अशी किती जनावरं वाचवली असतील, आणि घाई करणाऱ्यांची मेलेलीही पाहिली असतील.

"आरं, लई जोरात चाललंय ते," दादा म्हणाले. "समदं एकदम नको सोडू. जनावर बसंल."

"दादा, डॉक्टरांनी सांगितलंय हात लावू नको म्हणून."

"डाक्टरला शेरडं-मेंढरं म्हाईत हाईत का? मला गळाठल्यावानी व्हतंय. दम खाऊ दे जरा, मग सोड."

त्यांचा चेहरा खरंच पांढरा पडला होता. मी इन्स्पेक्शनचा कोर्स केलेला, इंग्रजी ड्रॉइंग वाचणारा... पण त्या क्षणी मी धनगराचा पोरगाच होतो. दादांच्या घोंगडीजवळ त्यांनीच कातलेली काळी लोकर होती. तिचा दोरा घेतला, नळी दुमडली आणि दुमडीवर करकचून बांधला. वाघुरीला मारतो ती गाठ. मेंढरं कोंडायच्या जाळीला आम्ही वाघूर म्हणतो, तिची गाठ ओली झाली की आणखी आवळते. म्हटलं, अर्धा-पाऊण तास. मग सोडू.

तेवढ्यात कंपनीतला शेख दारात. "अरे चल, गाडी खाली उभी आहे. शहर बंद होतंय म्हणतात. आज नाही आलास तर तुझं परमनंटचं गेलंच समज."

दादांचा डोळा लागला होता. कन्नडहून तात्या, म्हणजे माझे चुलते, दुपारच्या जीपनं यायचे होते. मी गयाबाईंना म्हटलं, "मावशी, जरा लक्ष असू द्या." आणि पळालो.

दोऱ्याची आठवण मला चिकलठाण्यात झाली. कंपनीच्या आत... आणि फाटक लागल्यावर. जालना रोडवर दगडफेक सुरू झाली होती. साहेबांनी मोठ्या फाटकाला कुलूप घातलं, कुणीही बाहेर जायचं नाही, रात्र इथंच काढायची. आम्ही चाळीसेक जण आत.

आता जे लिहितोय ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

टाइम ऑफिसात फोन होता आणि तो चालू होता. ऊन उतरत आलं होतं. शेखनं माझी तगमग बघून टाइमकीपरला विनवलं आणि फोन लावूनही दिला. सिस्टरनं उचलला. मी विचारलं, "आमचे पेशंट कसे आहेत?" त्या म्हणाल्या, "झोपलेत. थोडा ताप वाटतोय, बघतो आम्ही." एवढं वाक्य बोलायचं होतं — सिस्टर, नळीला दोरा बांधलाय, सोडा. पण मागं फोनसाठी रांग लागली होती. हीच पोरं मला जेवणाच्या सुट्टीत "काय धनगर, आज किती मेंढरं पास केली?" म्हणून चिडवायची. मी डॉक्टरांच्या नळीला मेंढीसारखी गाठ मारून आलोय, हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडातून निघेना. टाइमकीपरनं "झालं का?" म्हणून विचारलं.

मी म्हटलं, "बरं... ठेवतो." आणि ठेवला.

तिथून मशीनशॉपमध्ये आलो. मशिनं बंद होती. एका लाकडी खोक्यावर बसलो, पाय आखडले होते म्हणून बूट-मोजे काढून ठेवले. त्यानंतरचं मला आठवत नाही. झोप नव्हती. शेखनं नंतर सांगितलं, "डोळे उघडे होते तुझे. चहा समोर धरला, घेतला नाहीस. खांदा हलवला, तरी नाही. मी घाबरलो यार."

भानावर आलो ते शेखच्याच आवाजानं. तो माझे हात बघत होता. "अबे, ये क्या लगा हाथ को? हल्दी लगा के आया क्या?"

उजव्या हाताची बोटं पिवळसर हिरवी झाली होती, आणि ओली. दुपारी दवाखान्यात हात धुतले होते, कंपनीत आल्यावर परत धुतले होते. मी बोटं नाकाशी नेली. तोच वास होता. नखांत काळी लोकर अडकली होती. मी नळाखाली साबणानं, मग रॉकेलच्या फडक्यानं हात घासले. वास गेला नाही. बाहेर अजून संधिप्रकाश होता.

सकाळी फाटक उघडलं. रिक्षा नाही, बस नाही. जालना रोडनं मी जवळजवळ पळतच दवाखाना गाठला. रस्ताभर काचा, विटांचे तुकडे. एकच डोक्यात — दादा गेले असणार, आणि मी मारलंय त्यांना.

खोलीच्या बाहेरच तात्यांचा आवाज ऐकू आला. आत गेलो तर दादा उशीला टेकून बसलेले. ताप नाही. नळीतून धार चालू, पिशवी जवळजवळ भरलेली. मी पलंगाची कड धरून खाली बसलो.

तात्या गयाबाईंवर ओरडत होते. काय झालं ते तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तात्या आल्यावर त्यांनी आधी गयाबाईंना गाव विचारलं, मग आडनाव, आणि मग दादांचा पाण्याचा तांब्या उचलून अलीकडं ठेवला. "आमच्या पेशंटला हात लावू नगं," असं स्वच्छ सांगितलं. उन्हं कलताना दादांना हुडहुडी भरली, कळ परत उठली. तात्या सिस्टरला बोलवायला पळाले. सिस्टरला घेऊन आले तर नळी मोकळी, भडाभडा वाहतेय, आणि चादरीवर काळ्या लोकरीचं एक कडं पडलेलं. खोलीत शुद्धीवर एकट्या गयाबाई.

"म्या न्हाई हात लावला," गयाबाई म्हणत होत्या. "ह्यो तुमचा पुतण्या आलता. त्यानंच काढलं. हा बघा, आला, ह्यालाच इचारा."

तात्या माझ्याकडं वळले. "काल सांजच्याला तू हितं आलतास?"

"नाही," मी म्हणालो. "फाटकाला कुलूप होतं. मी कंपनीतच होतो."

खरं तेच बोललो. शब्दन् शब्द खरा.

गयाबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "आवं भाऊ, असं काय करता? निळा शर्ट घालून आलता की. बोलला नाय, बसला नाय. आनवाणी व्हता, म्या म्हणलं रस्त्यात चपला गेल्या आसतील दंगलीत. नळी धरली, दोरा काढला आन गेला."

आनवाणी. बूट काढल्याचं शेखशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

दादा क्षीण आवाजात म्हणाले, "आलता की. आंगठी काढावी तसं काढलं त्यानं."

"तू गप रं, दादा, तापात व्हतास तू," तात्या म्हणाले आणि गयाबाईंकडं वळले. "पुतण्या कंपनीत व्हता, चाळीस माणसं साक्षीला हाईत. मंग दोरा बांधला कुणी? हिनंच बांधला, हिनंच काढला. काळी लोकर, गाठ... ही करणी हाय! तुमचं ते नाव लागायचंय, म्हणून आमची माणसं मारता का गं?"

इथं मला एक वाक्य बोलायचं होतं. दोरा मी बांधला. एकदा फोनवर राहिलं होतं, आता दुसऱ्यांदा. सिस्टर दारात उभी होती, डॉक्टर जिन्यात होते, व्हरांड्यात बघे जमले होते. गयाबाई फक्त माझ्याकडं बघत होत्या, दुसऱ्या कुणाकडं नाही. मी खाली बघून पिशवी रिकामी करायला घेतली.

त्या दिवसांत एवढ्यावरनंही पेटलं असतं. दवाखान्याला लफडं नको होतं. गयाबाईंना म्हणाले, तुमच्या पेशंटचा पलंग तूर्त व्हरांड्यात हलवू. डॉक्टर नको नको म्हणत असताना त्यांनी नवऱ्याला उठवलं, खांद्यावर घेतलं आणि मिळेल त्या रिक्षानं पडेगावला घेऊन गेल्या. जाताना दादांच्या कुशीखालची उशी सरकली होती, तेवढी नीट केली.

सगळे पांगल्यावर मी ते कडं हातात घेतलं. गाठ सुटलेली नव्हती. कापलेलीही नव्हती. वाघुरीची गाठ, माझीच, जशीच्या तशी आवळलेली. कडं इतकं बारीक की त्यातून माझी करंगळीही जाईना. दुमडलेली नळी सरळ झाली तर दोरा नळीवर सैल पडेल, हे मी समजू शकतो. पण तो नळीवरून बाहेर यायचा तर एका बाजूला दादांची कूस, आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याएवढी जाड तोटी. तोटी उघडल्याशिवाय ते कडं निघूच शकत नाही. आणि तोटीवरची चिकटपट्टी शाबूत होती, डॉक्टरांनी पेनानं मारलेली रेघ अखंड होती. पुढं कंपनीत मी त्या कड्याला व्हर्नियर लावला. तसलीच तोटी डॉक्टरांकडून मागून आणली, तिलाही लावला. एकदा नाही, अनेकदा. बसत नाही.

दादा सावरले. काही आठवड्यांनी हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा ऑपरेशनही झालं. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. मी परमनंट झालो. विद्यापीठाला नाव लागलं.

त्या उन्हाळ्यात मी पडेगावला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. गयाबाई दारात गहू निवडत होत्या. मला बघून उठल्या, आतून पाणी आणून दिलं. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता, हार घातलेला.

"कधी?" मी विचारलं.

"हितं आल्यावर म्हयना काय काढला नाय." परत गहू निवडायला बसल्या. "दादा कसं हाईत? हसत्यात का?"

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी तो दोरा... तो मीच बांधला होता."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "बांधताना बघितलं व्हतं म्या. वाटलं डाक्टरनं सांगितलं आसंल. मंग दादा कन्हाया लागले तवा कळलं. पर तुमच्या तात्यानं बजावलं व्हतं, हात लावू नगं."

"मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाही, की ह्यानंच बांधला म्हणून?"

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. त्याआधी त्या मला भाऊ म्हणायच्या, तुमी म्हणायच्या.

"म्हणलं, सोडायला आलास तसा सांगायलाबी येशील."

पाणी तसंच ठेवून मी उठलो.

हे का झालं, कसं झालं, मला माहीत नाही. डॉक्टर मित्रांना विचारलंय. दाबानं नळी आपोआप मोकळी झाली असेल म्हणतात. मग कडं? मग बोटांवरचं पित्त? शेखला अजून ते आठवतं, तो हयात आहे. तीन माणसांनी दोन ठिकाणी जे पाहिलं ते एकत्र ठेवलं तर एकच अर्थ निघतो, आणि तो मला मान्य करता येत नाही.

कडं व्हर्नियरच्या डबीत आहे. लोकर आता पिंगट झालीय, गाठ तशीच आहे. ती सोडून बघावी असं कधी कधी वाटतं, पण सोडवत नाही. मला कोडं पडतं ते वेगळंच. संध्याकाळी फाटकाला कुलूप होतं, मधे सगळा पेटलेला जालना रोड होता, तरी माझ्यातलं कुणीतरी अनवाणी तिथंवर पोचलं. सकाळी मी स्वतः त्या खोलीत उभा होतो, गयाबाईंपासून हातभर अंतरावर... तेव्हा कुणीच आलं नाही.